५०० मिमी लेन्स असूनही पक्ष्याचं पोर्ट्रेट जमत नाही. कन्व्हर्टर घेऊ की बॉडी बदलू? (सिरपूर, इंदूर)

स्नेहल_सुदामानगर

नमस्कार मंडळी. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स वापरते. सिरपूर तलावाच्या पाळेवर ट्रायपॉड लावून उभ्याने फोटो काढते. शटर १/५००, एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, वेळ साधारण नऊ ते अकरा.

अडचणी तीन. वंचक, खंड्या, जांभळी पाणकोंबडी, सगळे २५-३० मीटरवर असतात आणि क्रॉप केलं की पिसं मेणासारखी दिसतात. मागे जलपर्णी आणि बेशरमच्या झुडपांचा गोंधळ येतो. आणि डोळा दहातल्या दोन फोटोंतच धारदार मिळतो. मला पूर्ण पक्षी नको, डोकं-मान एवढंच, फ्रेम भरून हवं आहे. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला १.४ पट करणारी जोडलेन्स) घ्यावा की फुलफ्रेम बॉडी?

---

तळ्याकाठचा

स्नेहलताई, दोन्ही नको. आधी आकडेमोड बघा.

क्रॉप सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. ५०० मिमीवर २५ मीटर अंतरावरच्या फ्रेमची रुंदी होते सुमारे ११७ सेंमी. वंचकाचं डोकं आणि चोच मिळून १२ सेंमी धरलं, तर ६००० पिक्सेलपैकी त्याच्या वाट्याला येतात जेमतेम ६००. त्यात डोळा किती असेल विचार करा. १.४ चा कन्व्हर्टर लावलात तर ६०० चे साडेआठशे होतील, पण एफ/५.६ चा एफ/८ होणार (म्हणजे उजेड निम्मा), आयएसओ दुप्पट होणार, आणि बऱ्याच डीएसएलआर बॉड्यांत एफ/८ ला फक्त मधला फोकस पॉइंट धड चालतो. फुलफ्रेम घेतलीत तर त्याच जागेवरून फ्रेम १८० सेंमी रुंद होईल, म्हणजे पक्षी आणखी लहान.

आता तोच वंचक ७ मीटरवर आला असं धरा. फ्रेम ३३ सेंमी रुंद, डोकं २१०० पिक्सेलच्या वर. साडेतीन पट फरक पडला आणि खर्च शून्य.

दुसरं, दहा-अकराची वेळ सोडाच. जमीन तापली की पाळेवरची हवा हलायला लागते, आणि २५ मीटरचा हवेचा थर मध्ये असताना कोणतीही महाग लेन्स काही करू शकत नाही. हिवाळ्यात पहाटेही हे होतं, कारण तलावाचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. दोष हवेचा की फोकसचा हे ओळखायला सोपी चाचणी आहे: तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या खुंटाचे ट्रायपॉडवरून दहा फोटो काढा. काही स्वच्छ आणि काही वितळल्यासारखे आले तर दोष हवेचा. दहाही सारखेच मऊ आले तर फोकस चुकतोय, बॉडीतल्या एएफ फाइन ट्यूनकडे (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) बघा. लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर चाचणीआधी काढा. ५०० मिमीवर तो हमखास घाण करतो.

गाडीतून काढणार असाल तर इंजिन बंद, हीटर बंद, काचा खाली, आणि दहा मिनिटं थांबा. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडत असते, नेमकी लेन्ससमोर.

तिसरी गोष्ट उंचीची. तुमच्या पार्श्वभूमीचं सगळं दुखणं तिथेच आहे. उभ्याने लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असते. ७ मीटरवरच्या वंचकाचं डोकं पाण्यापासून २५ सेंमीवर. लेन्सपासून डोक्यापर्यंतची रेघ पुढे वाढवली तर ती त्याच्या मागे अवघ्या १.४ मीटरवर पाण्याला टेकते. म्हणजे तुमची पार्श्वभूमी पक्ष्याच्या दीड मीटर मागचं शेवाळ आणि जलपर्णी. लेन्स ४० सेंमीवर आणा, तीच रेघ जवळपास १२ मीटर मागे टेकते. २० सेंमीवर आणा, रेघ पाण्याला टेकतच नाही, मागे पलीकडचा काठ येतो आणि तो पार विरघळून जातो. लेन्स तीच, अपर्चर तेच. पाळेवर उभं राहून हे होणार नाही, आडवंच व्हावं लागेल.

---

राघू_४५२

तळ्याकाठचा भियांनी गणित चोख मांडलंय. आता पक्षी ७ मीटरवर आणायचा कसा ते सांगतो. पक्ष्याकडे चालत जाऊन तो जवळ येत नाही. त्याच्या वाटेत आधीच बसायला लागतं.

पहिली गोष्ट जागा. आदल्या दिवशी कॅमेरा न घेता दुर्बिणीने बघा. वंचक आणि खंड्या ठरलेल्या दोन-तीन बैठकी पुनःपुन्हा वापरतात. बैठकीखाली पांढरी विष्ठा साचलेली दिसली की समजा, हीच. शेकाट्या, तुतारी, धोबी चिखलाच्या कडेने एका दिशेने चरत जातात, त्यांच्या पुढे पंधरा-वीस मीटरवर पडून राहायचं, ते आपणच येतात. कधीकधी लेन्सच्या किमान फोकस अंतराच्याही आत येतात, तेव्हा हताशपणे बघत बसायचं.

दुसरी गोष्ट सूर्य. डिसेंबर-जानेवारीत तो आग्नेयेला उगवतो, म्हणून सकाळी तलावाच्या आग्नेय किंवा पूर्व काठावर, तोंड पश्चिमेकडे. तुमची सावली पक्ष्याच्या रोखाने पडली पाहिजे, मग डोळ्यात चमक येणारच. इंदुरात तेव्हा सातच्या सुमारास उजाडतं. साडेसहाला आडवे झालेले असा. साडेनऊला उठा आणि पोह्याच्या ठेल्यावर जा, त्यानंतर काढलेल्यातले बहुतेक डिलीटच करायला लागतात.

आडवं पडायला ताडपत्रीचा तुकडा, वर जुनी चटई, कोपराला कापडी पट्ट्या. ट्रायपॉड घरी ठेवा, बीनबॅग घ्या. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवा, तांदूळ किंवा राजमा दोन ते अडीच किलो भरा, दुसऱ्या टोकाला चेन लावा. पिशवी तीन चतुर्थांशच भरायची. गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते, थोडी रिकामी असली की लेन्स तिच्यात रुतून बसते. थर्माकोलचे मणी भरू नका, हलके असतात, लेन्स डुलते. तांदूळ ओले झाले तर दोन दिवसांत कुजून वास मारतो, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी. लेन्सचा पाय वर फिरवून ठेवा म्हणजे नळी थेट बॅगवर टेकते.

कपडे मातकट रंगाचे. महागडी कॅमोफ्लाज जॅकेटं लागत नाहीत, पण चेहरा आणि हात झाका, पक्ष्याला तेच आधी दिसतं आणि त्यातही हाताची हालचाल. पाच मीटर कापडी जाळी अंगावर आणि लेन्सवर टाकली की पुरे. हूडच्या पुढे जाळीचा धागा लोंबत नाही ना तेवढं बघा, फ्रेमच्या कोपऱ्यात राखाडी डाग येतो आणि कारण कळत नाही.

सरपटत पुढे जावंच लागलं तर सरळ रेषेत कधीच नाही. तिरकं जा, थांबा, पुन्हा तिरकं. त्याने चोच पाण्यात घातली की एक-दोन फूट सरकायचं, डोकं वर केलं की गोठून जायचं. मान ताठ झाली, चरणं थांबलं, अंग आखडून बारीक केलं किंवा चालत दूर जायला लागला, तर तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलात. आणखी पुढे गेलात तर उडेलच. दोन मीटर मागे घ्या आणि पडून राहा. पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा चरायला लागतो.

छोटा तंबूसारखा हाइड (लपून बसायचा आडोसा) असेल तर दोघं आत जा आणि एकाने बाहेर पडून निघून जायचं. बरेच पक्षी आत किती गेले याचा हिशोब ठेवत नाहीत, माणूस गेला असं समजून परततात. कावळ्यांवर मात्र ही युक्ती चालेलच असं नाही!

---

क्लिक_क्लिक_क्लिक

एवढं कोण पडून राहणार? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावा, काठावर मूठभर दाणे टाका, दहा मिनिटांत समोर. दयाळ तर स्पीकरवरच येऊन बसतो.

---

वैजयंती_पलासिया

क्लिक भाऊ, दयाळ येतो तो कौतुकाने नाही, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत पिल्लांना भरवायचं सोडून तासभर त्या स्पीकरशी भांडत बसतो. फोटोतही ते दिसतं, पिसं फुगवलेली, चोच उघडी, चेहरा त्रासलेला. पोर्ट्रेट म्हणून तो फोटो निकामीच. दाण्यांचं म्हणाल, तर वंचक आणि खंड्या दाणे खातच नाहीत. येतील कबुतरं, आणि मागून कुत्री.

सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहेत, तिथे हे उद्योग नकोत. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे शिकारीतच मोडतं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली किंवा पंख मोडल्यासारखं करून फरपटायला लागली, तर तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात. पाय कुठे पडतोय ते बघत आल्या वाटेने परत फिरा. कॅमेरा वर उचलायचाही नाही.

आता स्नेहल, रचनेबद्दल, कारण तू डोकं-मान म्हणालीस आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

आधी कापायचं कुठे. अख्खा पक्षी थोडक्यात कापला गेला, म्हणजे शेपटीचं टोक किंवा बोटं गेली, तर ती चूक दिसते. ठासून कापला तर तो निर्णय दिसतो. वंचक-बगळ्यांत मान जिथे खांद्यात रुंद होते त्याच्या थोडं खाली काप. मानेच्या अगदी बारीक भागावर कापलंस तर डोकं खुंटीला टांगल्यासारखं दिसतं. पाणकोंबडी किंवा बदकात छातीचा फुगवटा अर्धा तरी आत हवा. पाय घ्यायचेच असतील तर गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर कधी कापू नये, एकतर त्याच्या बरंच वर किंवा पूर्ण पाय. पक्षी पाण्यात उभा असेल तर बुडालेल्या पायांइतकी जागा खाली सोड, नाहीतर तो फ्रेमच्या कडेवर टेकल्यासारखा वाटतो. प्रतिबिंब घेतलंस तर अख्खं घे, चोचीवर तुटलेलं प्रतिबिंब नको.

मानेचं वळण. डोकं सेन्सरला समांतर असलं की ओळखपत्रावरचा फोटो होतो. पाच-दहा अंश तुझ्याकडे वळलेलं असलं की नजर लागते. तुझ्यापासून दूर एवढंसं जरी वळलं तरी फोटो मेला, मग पिसं कितीही सुंदर असोत. म्हणून सरसकट बर्स्ट (सलग फोटोंची सरबत्ती) न मारता डोकं फिरायला लागलं की चार-पाच फ्रेमचा छोटा बर्स्ट मार. पापणीच्या आतला पांढुरका पडदा मधेच डोळ्यावरून सरकतो, एका फ्रेमवर विसंबलीस की नेमकी तीच फ्रेम धुरकट डोळ्याची निघते.

डोळ्यातली चमक सगळ्यांना सारखी लागत नाही. शेकाट्याचा किंवा वारकऱ्याचा लाल डोळा चमकेशिवायही दिसतो. दयाळच्या काळ्या डोक्यातला काळा डोळा चमक नसेल तर गायबच. त्याला कोवळं ऊन किंवा मोकळं ढगाळ आकाश समोर हवं, झाडाखालच्या अंधारात प्रयत्नच करू नकोस.

पार्श्वभूमीसाठी उंची झाली, आता आडवं सरकणं. पडल्या पडल्या अर्धा फूट डावीकडे गेलीस तर बेशरमची पांढुरकी काठी डोक्यामागून निघून जाते. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी बघायचा नाही, त्याच्या कडेकडेने एक फेरी मारायची: उजळ ठिपका कुठे आहे, गवताचं पातं चोचीला चिकटतंय का, पलीकडच्या काठाची रेघ डोळ्यातून तर जात नाही. ती रेघ गेली तर बीनबॅग चार बोटं दाबून लेन्स खाली घे, रेघ डोक्याच्या खाली सरकते. फार समोर, लेन्सच्या अगदी पुढ्यात असलेलं गवत मात्र राहू दे, ते हिरव्या धुक्यासारखं पसरतं आणि बरं दिसतं.

जागा नजरेच्या दिशेने जास्त सोडायची हा नियम ठीक आहे, पण पिसं साफ करताना मान मागे वळलेली असते, तेव्हा शरीर एकीकडे आणि नजर दुसरीकडे. तिथे मधोमध ठेवलास तरी चालतो.

---

स्नेहल_सुदामानगर

खूप आभार. या रविवारी आग्नेय काठावर आडवी झाले, लेन्स बीनबॅगवर. पाणकोंबडी सात-आठ मीटरवर आली. पार्श्वभूमी एकदम साफ! पण दोन नव्या तक्रारी. चोच धारदार आणि डोळा मऊ, किंवा उलट. आणि कपाळावरचा लाल पट्टा सपाट, प्लास्टिकसारखा, त्यात काही पोतच नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तर ठीक दिसत होता. बगळाही पांढरा फटक आला.

---

तळ्याकाठचा

पहिली तक्रार म्हणजे जवळ गेल्याची किंमत. क्रॉप सेन्सरवर ५०० मिमी, एफ/५.६, ७ मीटर: धारदार पट्टा जेमतेम साडेचार सेंमी. म्हणजे फोकसच्या पुढे दोन, मागे दोन. ५ मीटरवर तो सव्वादोन सेंमी राहतो. पक्षी चोच तुमच्याकडे करून बघत असेल तर डोळा ते चोचीचं टोक सहज पाच-सहा सेंमी, दोन्ही कसं बसणार? वंचकाची तर सात-आठ. त्याची मान बाजूच्या दर्शनापासून १५ अंशांहून जास्त वळली की एफ/५.६ वर एक काहीतरी सुटणारच. एफ/८ केलं तर ७ मीटरवर सहा सेंमी मिळतात. सात मीटरच्या आत एफ/८ ही माझी सवय आहे. पार्श्वभूमी १२ मीटर मागे असेल तर एफ/८ ने तिचं काही बिघडत नाही.

निवड करायचीच झाली तर डोळा. चोच मऊ चालते.

फोकस कंटिन्युअस मोडवर (पक्षी हलला की फोकसही हलत राहतो), एकच छोटा पॉइंट, तो आधीच फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात सरकवून ठेवलेला. मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम हलवण्याची सवय असेल तर एवढ्या जवळून ती नडते. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. ज्यांच्याकडे डोळा ओळखणारे मिररलेस कॅमेरे आहेत त्यांनीही गवतात छोटा पॉइंटच घ्यावा, पातं आडवं आलं की मशीन पात्याला धरतं.

१/५०० कमी आहे. बसलेल्या पक्ष्याला १/८००, चरत्या पाणकोंबडीला आणि धोब्याला १/१६००. त्यांचं डोकं सतत झटके देतं, लेन्समधला स्टॅबिलायझर ते थांबवू शकत नाही. आयएसओ १६०० ते ३२०० झाला तर होऊ द्या. फ्रेम भरून काढलेल्या फोटोत आयएसओचे दाणे (नॉइज) दिसत नाहीत, ते क्रॉप केल्यावर डोकं वर काढतात.

---

वैजयंती_पलासिया

एफ/८ सरसकट मला पटत नाही. सकाळी सातला उजेड इतका कमी असतो की एफ/८ ने शटर १/४०० वर येतं आणि मग सगळंच मऊ. आधी उजेड बघावा, बाजूने उभा असेल तर ५.६ पुरतं.

स्नेहल, लाल पट्ट्याचं असं झालंय: तू पांढऱ्या रंगाचा एकत्रित हिस्टोग्राम बघतेस. पाणकोंबडीचं अंग निळं, पट्टा आणि चोच भडक लाल. एकूण उजेड मध्यावर असतो, पण एकटा लाल चॅनल उजव्या भिंतीवर जाऊन आपटलेला असतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू कर, लाल आपटत असेल तर ०.३ ते ०.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी कर. पिक्चर स्टाइल व्हिव्हिड असेल तर न्यूट्रल कर, कारण रॉ (कच्ची फाइल) काढलंस तरी पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो आणि व्हिव्हिड त्याला खोटं बोलायला लावतो. नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनची पट्टी ओढायची नाही, लालची ल्युमिनन्स थोडी खाली, बस.

बगळ्याला मॅन्युअलच बरं. मागे गडद बोरू असेल तर कॅमेरा अंधार समजून उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळतात. उगवल्यावर तासाभराने, सूर्य पाठीशी: आयएसओ ४००, एफ/५.६, १/२००० पासून सुरू कर. जळलेल्या भागाची लुकलुक चालू ठेव, मानेवर लुकलुकलं तर शटर एक-दोन पायऱ्या वर. मागची झाडं काळी पडली तरी चालतील. पाणकावळ्याला याच्या उलट, १/८०० च्या आसपास, नाहीतर पाठीवरच्या पिसांच्या काळ्या कडाच दिसत नाहीत.

---

राघू_४५२

एक राहिलंच. स्नेहलताई, तुमच्या लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका आहे. तो ‘६ मीटर ते अनंत’ वर असेल तर पाच मीटरवर आलेल्या पक्ष्यावर लेन्स फोकसच करत नाही, नुसती कुरकुरत राहते, आणि लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात. आडवं होताना आधी तो ‘फुल’ वर. लांबच्या उडत्या बदकांसाठी उठलात की परत लिमिटवर, नाहीतर रिकाम्या आकाशात लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत बसेल आणि थापट्यांचा थवा निघून गेलेला असेल.

सारसांसाठी यशवंत सागरला जाणार असाल तर हे आडवं पडणं विसरा. दीड मीटरपेक्षा उंच पक्षी आहे, डोकं-मान हवी असेल तर गाडीच्या खिडकीच्या उंचीवरून नजर बरोबर जुळते. बीनबॅग खिडकीच्या काचेवर, काच तीन-चार बोटं वर ठेवून. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावर चढू नका, गहू उभा असतो.

---

स्नेहल_सुदामानगर

खटका ६ मीटरवरच होता!! आत्ता बघितलं. आणि राघूदादा, सारस २० मीटरवर उभा असेल तर ५०० ला डोकं-मान भरेल का?

---

राघू_४५२

२० मीटरला फ्रेम आडवी ९४ सेंमी, उभी धरलीत तर उंची ९४ आणि रुंदी ६३. डोक्यासकट लाल मान आणि थोडी राखी छाती उभ्या फ्रेममध्ये आरामात बसते. जोडी असेल तर आडवी धरा आणि दोघांची डोकी एकमेकांआड जाणार नाहीत तेवढी गाडी मागेपुढे घ्या, तीही ते चरत असताना.